जस्तलेपित कॉइलची खरेदी : जाडी, जस्त आणि पावसाळा

वातानुकूलनाच्या हवानलिका, विजेची पॅनेल, केबल ट्रे, धान्याच्या कोठ्या, शेडच्या पर्लिन, सौर पॅनेलचे सांगाडे अशा वस्तू घडवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांचा मुख्य कच्चा माल म्हणजे जस्ताचा लेप दिलेल्या पोलादी पत्र्याची गुंडाळी होय. बाजारात सपाट पत्र्याच्या या गुंडाळीला ‘जीपी कॉइल’ म्हणतात आणि तिच्यापासून केलेल्या पन्हळी पत्र्याला ‘जीसी’. तिची खरेदी पुष्कळदा दोनच प्रश्नांवर उरकली जाते : किती गेजचा पत्रा आणि किलोमागे काय भाव. प्रत्यक्षात या मालाचे मूल्य चार गोष्टींवर ठरते. पोलादाची प्रत, पोलादाची जाडी, त्यावरील जस्ताचे वजन आणि पृष्ठभागावर शेवटी केलेली प्रक्रिया या त्या चार गोष्टी असून, त्यांपैकी जस्ताचे वजन नजरेला दिसत नाही आणि वजनकाट्यावर वेगळे उमटत नाही. त्यामुळे मालातील तफावत बहुधा तेथेच राहते, आणि ती लक्षात येते तेव्हा वस्तू ग्राहकाकडे जाऊन एकदोन पावसाळे उलटलेले असतात.

वितळलेल्या जस्तात पोलाद बुडवून त्याला गंजापासून वाचवण्याच्या पद्धतीचे पेटंट फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी 1837 मध्ये घेतले. परंतु पत्र्याची अखंड पट्टी न थांबता जस्तातून ओढत नेण्याची पद्धत औद्योगिक पातळीवर आणली ती पोलिश अभियंते तादेउश सेंजिमिर यांनी, 1930 च्या दशकात. आजच्या बहुतेक उत्पादनरेषा त्याच तत्त्वावर चालतात. थंड अवस्थेत लाटून पातळ केलेल्या पत्र्याच्या कॉइल एकापुढे एक जोडून अखंड पट्टी केली जाते, अल्कधर्मी द्रावणाने तिच्यावरील तेल आणि मळ काढला जातो, नंतर हायड्रोजन व नायट्रोजन यांच्या मिश्रणाने भरलेल्या भट्टीत ती तापवली जाते. या भट्टीत दोन कामे एकदम होतात : लाटल्यामुळे ताठरलेले पोलाद मऊ पडते आणि पृष्ठभागावरील ऑक्साइडचा पापुद्रा नाहीसा होतो. हवेचा स्पर्श होऊ न देता पट्टी तशीच सुमारे 450 ते 460 अंश सेल्सिअसच्या जस्ताच्या कुंडात उतरते, आणि वर येताना तिच्या दोन्ही बाजूंवर हवेचे अरुंद, जोरकस झोत सोडून जादा जस्त खाली परतवले जाते. या झोतांना ‘एअर नाइफ’ म्हणतात. पत्र्यावर किती जस्त राहणार हे झोताचा दाब, त्याचे अंतर आणि पट्टीचा वेग यांवर ठरत असल्यामुळे, एकाच रेषेवरून सकाळी जाड लेपाचा आणि दुपारी पातळ लेपाचा माल निघू शकतो. कारखान्याच्या नावावरून लेपाचा अंदाज बांधणे म्हणूनच व्यर्थ ठरते. कुंडातील जस्तात 0.2 टक्क्यांच्या आसपास ॲल्युमिनियम मुद्दाम मिसळलेले असते. ते पोलाद आणि जस्त यांच्यामध्ये अत्यंत पातळ थर तयार करून ठिसूळ लोह-जस्त मिश्रधातू वाढू देत नाही, आणि त्यामुळेच कॉइलचा पत्रा काटकोनात वाकवला तरी लेप सुटत नाही.

जस्त पोलादाचे रक्षण दोन रीतींनी करते. हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग होऊन जस्ताच्या पृष्ठभागावर जस्त-कार्बोनेटचा घट्ट, राखाडी थर बसतो व झिजेचा वेग मंदावतो. ही पहिली रीत. दुसरी रीत विद्युत-रासायनिक आहे : दोन्ही धातू ओलाव्यात एकत्र असले, की जस्त आधी झिजते आणि जवळचे उघडे पोलाद तेवढा काळ शाबूत राहते. कापलेल्या कडा, भोके आणि ओरखडे या दुसऱ्या गुणावर तगतात. मात्र या रक्षणाला अंतराची मर्यादा असते. पातळ पत्र्याची कड उत्तम टिकते, पण पत्रा जाड आणि लेप पातळ असेल तर कडेच्या मधोमध तांबडा गंज लवकर दिसू लागतो. 2 मिलिमीटर किंवा त्याहून जाड पत्रा कापून, भोके पाडून उघड्यावर वापरायचा असेल, तर कडांना जस्तयुक्त रंग लावण्याचा खर्च आरंभीच हिशेबात धरलेला बरा.

जस्ताचे वजन दर चौरस मीटरला किती ग्रॅम, या एककात सांगितले जाते आणि बाजारात त्याला ‘जीएसएम’ म्हणतात. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यासाठीचे भारतीय मानक आयएस 277 आहे. या मानकात आणि युरोपीय किंवा अमेरिकी मानकांतही हा आकडा पत्र्याच्या दोन्ही बाजूंवरील जस्ताची बेरीज असतो. ‘275 जीएसएम’ म्हणजे प्रत्येक बाजूला 275 ग्रॅम नव्हे, तर सरासरी 137.5 ग्रॅम. जस्ताची घनता 7.14 असल्यामुळे एका बाजूवरील ग्रॅमांना 7.14 ने भागले की लेपाची जाडी मायक्रॉनमध्ये मिळते. त्यानुसार 275 जीएसएमचा लेप दर बाजूला सुमारे 19 मायक्रॉन भरतो, तर 120 जीएसएमचा 8.4 मायक्रॉन. अमेरिकी पद्धतीच्या आराखड्यात ‘जी 90’ असे लिहिलेले असते तेव्हा अर्थ 275 जीएसएमचाच असतो आणि ‘जी 60’ म्हणजे 180. हा आकडा पत्र्याच्या रुंदीत तीन ठिकाणी, म्हणजे मध्यभागी आणि दोन्ही कडांजवळ घेतलेल्या नमुन्यांची सरासरी असतो. एखाद्या ठिकाणी तो थोडा कमी भरणे मानकाला मान्य असते. उदाहरणार्थ, युरोपीय मानकात 275 च्या प्रतीला एका जागी किमान 235 चालतात. एकाच ठिकाणच्या मापनावरून माल नाकारणाऱ्या खरेदीदाराची बाजू त्यामुळे लंगडी पडते.

कमी जस्ताचा माल विकण्यात आणि घेण्यातही मोह का असतो, हे साध्या हिशेबाने स्पष्ट होते. पोलादाची घनता 7.85 धरली तर 0.5 मिलिमीटर जाडीच्या पोलादाचे वजन दर चौरस मीटरला 3.925 किलो भरते. त्यावर 275 जीएसएम जस्त असल्यास एकूण वजन 4.2 किलो होते आणि एका टनात सुमारे 238 चौरस मीटर पत्रा मिळतो. 120 जीएसएम असल्यास वजन 4.045 किलो होऊन तोच टन सुमारे 247 चौरस मीटर भरतो. किलोचा भाव सारखा धरला तरी पातळ लेपाच्या मालात खरेदीदाराला जवळजवळ चार टक्के जादा क्षेत्रफळ हाती लागते, आणि कारखाने जाड लेपासाठी वेगळा अधिभार लावत असल्यामुळे प्रत्यक्षातील फरक आणखी वाढतो. त्या बचतीच्या बदल्यात दिले जाते ते निम्म्याहून अधिक आयुष्य, कारण एकाच वातावरणात लेपाचे आयुष्य ढोबळमानाने त्याच्या जाडीच्या प्रमाणात असते.

वातावरणाचा विचार म्हणूनच भावाच्या आधी करावयाचा असतो. आयएसओ 9223 या मानकात वातावरणाचे गंजकारकतेनुसार सी 1 ते सी 5 आणि त्याहून तीव्र सीएक्स असे वर्ग पाडलेले आहेत व प्रत्येक वर्गात जस्त वर्षाला किती झिजते त्याच्या मर्यादा दिल्या आहेत : सी 2 मध्ये 0.1 ते 0.7 मायक्रॉन, सी 3 मध्ये 0.7 ते 2.1, सी 4 मध्ये 2.1 ते 4.2 आणि सी 5 मध्ये 4.2 ते 8.4. याचा अर्थ असा, की 19 मायक्रॉनचा लेप सी 3 वातावरणात 9 ते 27 वर्षे पुरेल, सी 4 मध्ये साडेचार ते 9 वर्षे, आणि खाऱ्या वाऱ्याच्या सी 5 मध्ये सव्वादोन वर्षांतही संपू शकेल, 8.4 मायक्रॉनच्या लेपाची गणना तर तेथे एकदोन वर्षांतच करावी लागते. छताखाली, कोरड्या जागी बसणाऱ्या विजेच्या पॅनेलला 120 जीएसएम पुरते, तेथे 275 चा आग्रह म्हणजे पैशाची नासाडी. विदर्भ-मराठवाड्यातील उघड्या शेतात उभ्या राहणाऱ्या सांगाड्याला 275 योग्य. पण तोच सांगाडा वेंगुर्ले किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जाणार असेल, तर केवळ कॉइलच्या जस्तावर विसंबून भागत नाही. त्यावर रंगाची प्रणाली हवी, किंवा वस्तू घडवून झाल्यावर ती अख्खीच जस्तात बुडवून घ्यायला हवी.

या शेवटच्या पर्यायाबाबत एक गफलत वारंवार होते. घडवलेल्या जाड पोलादी वस्तू बुडवून जो लेप दिला जातो, त्याचे वजन एका पृष्ठभागासाठी सांगितले जाते. जाड घडणीच्या पोलादावर सुमारे 610 ग्रॅमचा, म्हणजे 85 मायक्रॉनचा लेप अपेक्षित असतो, तर कॉइलचा 275 हा आकडा दोन्ही बाजूंचा असतो. म्हणजे दोहोंतील फरक कागदावर सव्वादोन पट दिसला तरी प्रत्यक्षात तो साडेचार पटींच्या आसपास असतो. निविदांमध्ये हे दोन आकडे शेजारी ठेवून दोन्ही पर्याय ‘समतुल्य’ ठरवल्याची उदाहरणे दुर्मीळ नाहीत.

जाडीच्या बाबतीत पहिला नियम हा, की मागणीपत्रात गेज हा शब्द येऊच देऊ नये. गेजचे तक्ते एकाहून अधिक आहेत आणि ते परस्परांशी जुळत नाहीत : 24 गेज म्हणजे ब्रिटिश तारगेजप्रमाणे 0.56 मिलिमीटर, अमेरिकी साध्या पत्र्याच्या तक्त्याप्रमाणे 0.61 आणि अमेरिकी गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या तक्त्याप्रमाणे 0.70. एकाच शब्दाखाली पाव हिश्श्याचा फरक खपत असेल, तर वाद झाल्यावर कोणाचीही बाजू सिद्ध होत नाही. जाडी मिलिमीटरमध्ये लिहावी आणि ती लेपासह आहे की लेपाविना, हेही लिहावे. लेपाविना असलेल्या जाडीला बाजारात ‘बीएमटी’ आणि लेपासहित जाडीला ‘टीसीटी’ म्हणतात. हा भेद पातळ पत्र्यात फार महाग पडतो. 275 जीएसएमचे जस्त दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे 0.04 मिलिमीटर जागा घेते. त्यामुळे लेपासहित 0.5 मिलिमीटरच्या पत्र्यात पोलाद 0.46 च उरते. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे, जाडीतील 8 टक्क्यांची ही घट ताठपणात जवळजवळ 22 टक्क्यांची घट ठरते. संरचनेच्या गणनेत अभियंते केवळ पोलादाची जाडी धरतात, जस्ताची नाही. म्हणून भार सोसणाऱ्या वस्तूसाठी बीएमटीच मागावी. मापन सूक्ष्ममापीने, कडेपासून काही सेंटीमीटर आत आणि रुंदीत निदान तीन ठिकाणी करावे, कारण लाटलेला पत्रा कडांकडे किंचित पातळ होत जातो.

पोलादाची प्रत वस्तू कशी घडणार आहे यावर ठरते. केवळ वाकवणे आणि रोलमधून आकार देणे एवढेच काम असेल तर युरोपीय पद्धतीची ‘डीएक्स 51 डी’ ही साधी प्रत पुरते. साच्यात दाबून खोलगट आकार काढायचा असेल तर डीएक्स 52 डी, डीएक्स 53 डी अशा अधिकाधिक मऊ प्रती लागतात. भार सोसणाऱ्या अंगांसाठी मात्र मऊपणा नव्हे, तर हमी असलेले बळ हवे. ‘एस 350 जीडी’ या नावातील 350 हा आकडा पोलाद कायमचे वाकू लागण्याआधी ते किती ताण सोसेल याची किमान मर्यादा मेगापास्कलमध्ये सांगतो, आणि सौर सांगाडे व पर्लिन यांच्यासाठी ही प्रत सर्रास मागितली जाते. ‘550’ ची प्रत छपराच्या पत्र्याला वापरतात. ती बळकट असली तरी पुरेशी मऊ केलेली नसल्यामुळे तीक्ष्ण वाकवली की बाहेरच्या अंगाला तडकते. स्वस्तात मिळाला म्हणून छपराचा ताठ पत्रा आणून त्याच्या हवानलिका करू पाहणाऱ्याला याचा प्रत्यय पहिल्याच लॉकच्या घडीत येतो.

लेपाच्या प्रकारांविषयी बाजारात एक समज पक्का रुजलेला आहे : पत्र्यावर मोठी, चमकदार स्फटिकांची नक्षी दिसली की माल अस्सल आणि जस्त भरपूर. ही नक्षी, जिला ‘स्पँगल’ म्हणतात, जस्त थिजताना त्याचे स्फटिक कसे वाढले एवढेच दर्शवते. जस्तात शिसे किंवा अँटिमनी थोडे असले की स्फटिक मोठे होतात, नसले की नक्षी जवळजवळ दिसतच नाही. गंजरोधकतेशी तिचा संबंध नाही. उलट, रंग देऊन विकायच्या वस्तूसाठी नक्षीविरहित, ‘झिरो स्पँगल’ माल अधिक योग्य, कारण मोठी नक्षी रंगातूनही डोकावते.

जस्तलेपानंतर पट्टी लगेच पुन्हा 500 अंशांच्या वर तापवली तर पोलादातील लोह लेपात मिसळून सुमारे 10 टक्के लोह असलेला, निस्तेज राखाडी लेप तयार होतो. त्याला ‘गॅल्व्हॅनील्ड’ म्हणतात. त्यावर रंग उत्तम बसतो आणि स्पॉट वेल्डिंग सोपे जाते, म्हणून मोटारींच्या उद्योगात त्याला मागणी असते. जोराने दाबल्यास या लेपाची भुकटी सुटते, हा त्याचा दोष. 55 टक्के ॲल्युमिनियम, 43.4 टक्के जस्त आणि 1.6 टक्के सिलिकॉन यांचा लेप ‘गॅल्व्हल्यूम’ या नावाने 1972 पासून बाजारात आहे. छपरासाठी तो साध्या जस्तापेक्षा पुष्कळ टिकतो. परंतु कापलेल्या कडांचे रक्षण त्यात तुलनेने दुबळे असते, ओले काँक्रीट त्याला सोसत नाही, आणि गोठे व कोंबड्यांच्या शेडमधील अमोनियायुक्त वाफांत तो वापरू नये. जस्तात ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम मिसळलेले नवे लेप कडांच्या रक्षणात सरस आहेत. त्यांचे कमी वजनाचे लेप साध्या जस्ताच्या जाड लेपाची बरोबरी करतात असा दावा केला जातो; तो स्वीकारण्यापूर्वी उत्पादकाची लेखी हमी, आणि ती कोणत्या वातावरणासाठी आहे, हे पाहावे.

पृष्ठभागावर शेवटी काय लावले आहे, याची चौकशी सहसा होत नाही आणि रंगकामाच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तेथेच असते. साठवणीत पांढरा गंज चढू नये म्हणून कारखान्यात पत्र्यावर क्रोमियमयुक्त द्रावणाचा अतिसूक्ष्म थर दिला जातो, त्याला ‘पॅसिव्हेशन’ म्हणतात. हा थर जस्ताला निष्क्रिय करतो, आणि नेमक्या त्याच कारणाने पुढे फॉस्फेटिंगचे द्रावण त्यावर धरत नाही व पावडर कोटिंग काही महिन्यांत पापुद्र्यांनी निघू लागते. रंग द्यायचाच असेल तर पॅसिव्हेशनविरहित, केवळ तेल लावलेला माल मागावा आणि तो लवकर वापरून टाकावा. अथवा रंगाच्या आधीच्या धुण्याची प्रक्रिया पॅसिव्हेशन काढू शकते का, याची नमुन्यावर चाचणी घ्यावी. युरोपला निर्यात होणाऱ्या विद्युत व इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी षट्संयुजी क्रोमियमवर 2006 पासून मर्यादा आहे. अशा कामाला त्रिसंयुजी क्रोमियमचे किंवा क्रोमियमविरहित पॅसिव्हेशन लेखी मागावे लागते.

रुंदी आणि वजन यांचा विचार यंत्राकडून मागे येत करावा. कॉइलच्या आतल्या पोकळीचा व्यास 508 किंवा 610 मिलिमीटर असतो आणि तो डिकॉइलरच्या मापाशी जुळला पाहिजे. बाहेरचा व्यासही आधी काढता येतो : 1 मिलिमीटर जाड, 1250 मिलिमीटर रुंद पत्र्याचे वजन दर मीटरला सुमारे 9.8 किलो, म्हणून 5 टनांच्या कॉइलमध्ये सुमारे 510 मीटर पट्टी असते, आणि 508 च्या पोकळीवर ती गुंडाळल्यास बाहेरचा व्यास सुमारे 95 सेंटीमीटर होतो. शेडमधील क्रेन 3 टनांची असताना 5 टनांची कॉइल मागवणे हा प्रकार हास्यास्पद वाटला तरी घडतो. पट्ट्यांचा हिशेब याहून मोलाचा आहे. 1250 च्या रुंदीतून 245 मिलिमीटरच्या पाच पट्ट्या निघतात आणि जेमतेम 2 टक्के माल कडांच्या छाटणीत जातो. आराखड्यात ती पट्टी 255 ची झाली की चारच पट्ट्या निघतात आणि 18 टक्क्यांहून अधिक माल उरतो. वस्तूच्या आराखड्यात 10 मिलिमीटरची तडजोड शक्य आहे का, हा प्रश्न भावाच्या घासाघीसीपेक्षा अधिक पैसे वाचवतो. चिरलेल्या पट्टीच्या कडेवरील कंगोरा, ज्याला कारागीर ‘बर’ म्हणतात, जाडीच्या 10 टक्क्यांहून अधिक नसावा अशी अट घालणे रास्त असते.

महाराष्ट्रात वासिंद, तारापूर, खोपोली आणि नागपूरजवळचे कळमेश्वर येथे जस्तलेपित पत्र्याचे उत्पादन होते, आणि लहान खरेदीदाराचा माल बहुधा कळंबोलीच्या पोलाद बाजारातून किंवा तळोजा व चाकणच्या परिसरातील चिराई केंद्रांतून येतो. मूळ कॉइल चिरली गेली की कारखान्याचे लेबल एकाच पट्टीबरोबर राहते आणि उरलेल्या पट्ट्या निनावी होतात. म्हणून चिराई केंद्राकडून प्रत्येक पट्टीवर मूळ कॉइलचा क्रमांक लिहून घ्यावा आणि त्या क्रमांकाचे चाचणी प्रमाणपत्र सोबत मागावे. आयएस 277 चा माल गुणवत्ता नियंत्रण आदेशाखाली येत असल्याने त्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आवश्यक आहे. प्रमाणपत्रावरील कॉइल क्रमांक, जाडी, जीएसएम आणि प्रत प्रत्यक्ष लेबलाशी ताडून पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

जस्ताचे वजन स्वतः तपासणेही अवघड नाही. चुंबकीय तत्त्वावर चालणारे जाडीमापक यंत्र लेप मायक्रॉनमध्ये दाखवते. पातळ पत्र्यावर त्याचे वाचन चुकू नये म्हणून ते लेप नसलेल्या त्याच जाडीच्या पत्र्यावर आधी शून्याला आणावे लागते. वादाचा निकाल लावते ती मात्र विरघळवण्याची चाचणी. 100 मिलिमीटर बाजूचा चौरस अचूक कापून, तेल पुसून, संवेदनशील काट्यावर तोलावा; लोहावर परिणाम होऊ न देणारे रसायन मिसळलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात तो बुडवावा, बुडबुडे थांबले की धुऊन, वाळवून पुन्हा तोलावा. वजनात आलेली घट ग्रॅममध्ये मांडून तिला 100 ने गुणले की थेट जीएसएम मिळतो : 2.75 ग्रॅमची घट म्हणजे 275. हे काम हातमोजे व चष्मा घालून, मोकळ्या हवेत आणि जाणत्या माणसानेच करावे. ती सोय नसल्यास मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तीन नमुने पाठवावेत. लेपाची पकड पाहण्यासाठी पट्टी पूर्ण दुमडून तिच्या बाहेरच्या अंगाला चिकटपट्टी लावून ओढावी. पापुद्रे सुटले तर माल वाकवण्याच्या कामाचा नाही.

कोकणपट्टीत आणि घाटमाथ्यावर या मालाचे खरे नुकसान वापरात नव्हे, तर साठवणीत होते. गुंडाळीच्या थरांमध्ये किंवा एकावर एक रचलेल्या पत्र्यांमध्ये पाणी शिरले आणि तेथे हवा खेळती नसली, तर जस्तावर रक्षक कार्बोनेटचा थर बनू शकत नाही. त्याऐवजी जस्त-हायड्रॉक्साइडची फुगीर, पांढरी भुकटी साचते. हाच पांढरा गंज. पाणी पावसाचेच असावे लागते असे नाही. रात्री गार पडलेली कॉइल सकाळच्या दमट हवेत उघडी ठेवली, तरी तिच्यावर दव धरते आणि केशाकर्षणाने थरांत ओढले जाते. म्हणून जून ते सप्टेंबरात माल आला, की वेष्टन तत्काळ फाडू नये, कॉइल शेडच्या तापमानाला येऊ द्यावी आणि मगच उघडावी. वेष्टन वाहतुकीत फाटलेले असेल, तर मात्र याच्या उलट करावे : कॉइल लगेच सोडून, पत्रा वाळवून आधी त्याच मालाचा वापर करावा. ताडपत्रीने घट्ट गुंडाळून ठेवलेली ओली कॉइल उघड्यावर ठेवलेल्या कॉइलपेक्षा लवकर खराब होते, ही गोष्ट गोदामातील माणसांना मुद्दाम समजावून सांगावी लागते.

कॉइल जमिनीवर न ठेवता लाकडी किंवा पोलादी आधारांवर, दोन्ही बाजूंनी पाचर मारून ठेवावी. आधाराचे लाकूड वाळलेले असावे. ओल्या लाकडातील आम्ल जस्ताला खाते. आम्लधुलाईची टाकी आणि खत किंवा मीठ यांची गोदामे यांच्या शेजारी हा माल ठेवू नये. अरुंद पट्ट्यांच्या गुंडाळ्या उभ्या ठेवल्यास कलंडतात आणि त्यांखाली माणूस सापडल्यास इजा गंभीर असते, म्हणून त्या आडव्या रचाव्यात. बांधणीची पट्टी कापताना पत्र्याचे मोकळे टोक खाली, कॉइलच्या वजनाखाली दाबलेले असावे. ते वर असल्यास स्प्रिंगसारखे उसळते.

पांढरा गंज दिसला म्हणून प्रत्येक वेळी माल टाकाऊ ठरत नाही. हलकी भुकटी ताठ ब्रशने निघते आणि खालचे जस्त बव्हंशी शाबूत असते. पण डाग काळसर पडला असेल किंवा खाली तांबूस ठिपके दिसत असतील, तर लेप तेथे संपलेला आहे असे धरावे.

घडणीच्या टप्प्यावर मुख्य काळजी वेल्डिंगची. जस्त 907 अंशांनाच उकळते, तर पोलाद वितळायला सुमारे 1500 अंश लागतात. त्यामुळे जोडाजवळचे जस्त वाफ होऊन उडते, जोडात बुडबुडे राहतात आणि लेप जळून जातो. स्पॉट वेल्डिंगला अधिक विद्युतप्रवाह लागतो व तांब्याच्या टोकांना जस्त चिकटून ती लवकर चपटी होतात, म्हणून टोके घासण्याचे अंतर कमी ठेवावे. जळालेल्या जागी जस्तयुक्त रंगाचा पुरेसा जाड हात द्यावा. चंदेरी ॲल्युमिनियम रंग दिसायला सारखा असला तरी तो जस्ताचे काम करत नाही. जस्ताच्या धुराने कामगारांना काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो आणि दुसऱ्या दिवशी तो उतरतो. त्यामुळे तो मलेरिया किंवा पावसाळी ताप समजला जातो आणि धूर ओढून घेणारा पंखा काही बसत नाही. शिवाय जस्तलेपित पत्र्याला तांब्याची नळी थेट टेकू देऊ नये, तांब्याच्या नळीवरून ओघळणारे पाणीही त्यावर पडू देऊ नये; वातानुकूलनाच्या कामात हे नेमके घडते आणि भोके नेमकी तेथेच पडतात.

‘सेकंड्स’ म्हणून मिळणारा माल वर्ज्यच मानावा असे नाही. कडेला पोचा पडलेली किंवा नक्षी विस्कटलेली कॉइल आतल्या भागांना चालते. मात्र त्या मालाबरोबर चाचणी प्रमाणपत्र येत नाही, म्हणून भार सोसणाऱ्या किंवा हमी देऊन विकायच्या वस्तूंना तो वापरू नये.

माल उतरवून घेताना वेष्टन, लेबल आणि खराबी यांची छायाचित्रे काढावीत, ओला माल आला असल्यास चालानावरच तसा शेरा मारावा, आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत त्या कॉइलमधील निदान दहा-पंधरा मीटर पत्रा न वापरता राखून ठेवावा. मागणीपत्रावर मानक, पोलादाची प्रत, लेपाविना जाडी, दोन्ही बाजूंचे मिळून जीएसएम, नक्षीचा प्रकार, पॅसिव्हेशन किंवा तेल, रुंदी, पोकळीचा व्यास आणि कॉइलचे कमाल वजन एवढे आकड्यांत लिहिलेले असले की भावांची तुलना करता येते. यांपैकी जीएसएमचा आकडा लेखी द्यायला जो विक्रेता टाळाटाळ करतो, त्याचा भाव कितीही कमी असला तरी तो विचारात घेऊ नये.